बाळंतिणीला उशा किती लागतात?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी २९ वर्षांची. पहिलंच बाळंतपण, त्यात जुळं. आठव्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून सिझर केलं. दोन्ही मुली बऱ्या निघाल्या, दहाव्या दिवशी आमच्याकडे घेऊन आलो. तिसऱ्या आठवड्यात तिला खोकला सुरू झाला. दिवसभर बरी असायची, रात्री आडवी झाली की ढास लागायची. जाऊबाई म्हणाल्या, वारं लागलंय, कान बांधा. मी शेगडी वाढवली, ओव्याची धुरी दिली. पायांवर सूज आली तर शेजारणी म्हणाल्या, बाळंतिणीचं अंग भरतंय. एका दवाखान्यात खोकल्याचं औषध दिलं, दुसऱ्यात वाफ आणि दम्याचा पंप. शेवटी शेवटी ती लोखंडी कपाटाला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन बसल्या बसल्याच झोपायची. सव्वा महिना झाला, ओटी भरली, आणि त्यानंतर चारच दिवसांनी पहाटे तिचे ओठ निळे पडले. सांगलीला नेलं. टूडी इको केला तर पंपिंग २८ टक्के. आठ दिवस आयसीयूत होती. आता मुली पाच महिन्यांच्या आहेत, मागच्या आठवड्यात पंपिंग ४२ आलं. तिथल्या डॉक्टरांनी दूध बंद करायची गोळी का दिली? आता चालते-फिरते, तर गोळ्या थांबवल्या तर चालतील का? सासरचे म्हणतात, पुढच्या वर्षी मुलाचं बघू. आणि माझ्याकडून काय चुकलं? ‘माहेरी नेली आणि आजारी पाडून पाठवली’ असं मला तोंडावर ऐकवलं.
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सुटा राहिलेला कानाचा फडका, यातल्या कशानेही हा आजार होत नाही. मुलगी सासरी असती तरी झाला असता. हे एवढं वाक्य व्याह्यांना वाचून दाखवा आणि माझ्या नावाने दाखवा.

या आजाराला आम्ही पेरिपार्टम कार्डिओमायोपथी म्हणतो. नाव अवघड, पण घडतं ते सोपं आहे. हृदयाला कधी काही झालेलं नाही अशा धडधाकट बाईच्या हृदयाचा स्नायू गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत दुबळा पडतो. हृदय सैल होऊन फुगतं. पुढे ढकललं न गेलेलं रक्त मागे तुंबतं आणि त्यातलं पाणी फुफ्फुसात आणि पायांत उतरतं. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते सगळं हृदय महिनोन्‌महिने ओढत असतं. बाळ बाहेर आलं की भार उतरला असं आपल्याला वाटतं. उलट गर्भाशय आवळलं की तिथलं रक्त पुन्हा अंगात येतं, आणि पहिले काही दिवस हृदयावरचा ताण वाढतो. बहुतेक निरोगी हृदयं हे पेलतात. काही पेलत नाहीत. तिशीच्या पुढचं वय, जुळं, गरोदरपणातलं बीपी असेल तर धोका वाढतो. तुमच्या मुलीकडे यातल्या दोन गोष्टी होत्या, आणि त्या तुमच्या हातातल्या नव्हत्या. काहींच्या बाबतीत स्नायूचा कच्चेपणा जनुकांतूनच आलेला असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा आजार झालेल्या १७२ बायका तपासल्या, त्यातल्या २६ जणींच्या जनुकांत तो सापडला. तेव्हा तुमच्या किंवा यजमानांच्या घराण्यात कुणाचं हृदय फुगलं होतं, कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं, असं काही असेल तर ते तिच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

आता जे टाळता आलं असतं त्याबद्दल. ते म्हणजे वाया गेलेले तीन आठवडे. त्यांचा दोष मी तुमच्या एकटीवर टाकणार नाही, कारण तोच दोष माझ्याही माथी आहे.

१९९६ साली मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. रात्री अकराच्या सुमारास एक बाळंतीण आली, बाविशीची. बाळाला दोन महिने झालेले. बरोबर सासू, सासूच्या खांद्यावर बाळ. तक्रार काय, तर रात्री खोकला येतो आणि झोप लागत नाही. मी छाती तपासली, सू सू आवाज येत होता. डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, फिकी होती. केसपेपरवर लिहिलं, ‘अशक्तपणा, दम्याची शंका’. इंजेक्शन दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. जाताना ती दारापर्यंत चालत गेली आणि चौकटीला धरून थांबली. तीन-चार श्वास घेतले, मग पुढे गेली. मी ते पाहिलं. पाहूनही मला त्याचा अर्थ लागला नाही. तिसऱ्या रात्री तिला स्ट्रेचरवरून आणलं, तोंडाला गुलाबी फेस होता. पहाटे ती गेली. सासू म्हणाली, ‘आठ दिवस झाले, भिंतीला टेकून बसूनच झोपायची बघा.’ मी तिला हे विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आजपर्यंत माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आणि प्रत्येक बाळंतिणीला, ती पोट दुखतं म्हणून आलेली असो की ताप म्हणून, मी एक प्रश्न विचारते : रात्री डोक्याखाली उशा किती घेतेस?

एक म्हणाली तर ठीक. ‘आधी एक घ्यायचे, आता दोन-तीन लागतात’ म्हणाली तर माझे कान टवकारतात. ‘बसूनच झोपते’ म्हणाली तर ती त्या दिवशी टूडी इको झाल्याशिवाय माझ्या दवाखान्यातून घरी जात नाही. असं का होतं ते सांगते. आडवं झालं की पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे येतं. दुबळं हृदय ते पुढे ढकलू शकत नाही, फुफ्फुसं भरतात आणि जीव घुसमटतो. उठून बसलं की पाणी खाली उतरतं आणि बरं वाटतं. म्हणून बाई उश्या वाढवत जाते. कुणी सांगावं लागत नाही, अंगच शिकवतं. तुमची लेक कपाटाला पाठ लावून झोपत होती, ते तिचं अंगच सांगत होतं.

तसाच तो खोकला. छातीत कफ झाल्याचा खोकला दिवसाही असतो. फक्त आडवं झाल्यावर येणारा, मध्यरात्री दचकून उठवणारा, उठून खिडकीशी जाऊन उभं राहिलं की थांबणारा खोकला हा बहुतेक वेळा फुफ्फुसातल्या पाण्याचा असतो. सुजेचंही तसंच. बाळंतपणानंतर पायांची सूज दिवसागणिक उतरत जायला हवी. उतरलेली सूज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत आली तर ते अंग भरणं नव्हे. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहापर्यंत मोजत दाबा आणि बोट काढा. भाकरीच्या पिठात उमटावा तसा खळगा राहिला आणि भरून यायला वेळ लागला, तर दवाखाना गाठा. बसल्या जागी नाडी मिनिटाला शंभराच्या वर राहते का तेही पाहा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ते लाडवांचं नाही, पाण्याचं आहे.

हा आजार सर्रास होत नाही. जगभराचा अंदाज साधारण हजार-दोन हजार बाळंतपणांमागे एकीचा आहे. उत्तर नायजेरियात मात्र शंभरात एकीला आणि हैतीत तीनशेत एकीला होतो असं आढळलं आहे. म्हणजे आपल्या गावातल्या डॉक्टरला अशी बाई कित्येक वर्षांत एखादीच दिसते. तुमच्याकडच्या दोघांनी खोकला पाहिला आणि खोकल्याचंच औषध दिलं, हे मला समजतं. पण समजलं म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाही. बाळंतीण आणि धाप हे दोन शब्द एकत्र आले की ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टूडी इको एवढं व्हायलाच हवं. बीएनपी नावाची रक्ताची तपासणीही मदतीची आहे. ती नॉर्मल आली तर हृदयाचं दुखणं असण्याची शक्यता फार कमी होते. टूडी इको म्हणजे छातीवर जेल लावून केलेली सोनोग्राफीच. वीस-एक मिनिटं लागतात, सुई नाही, किरण नाहीत, पोटातल्या बाळालाही काही होत नाही.

आता त्या २८ आणि ४२ बद्दल. ‘२८ टक्के पंपिंग म्हणजे ७२ टक्के हृदय बंद’ असं नातेवाईक हिशेब करतात आणि हातपाय गाळतात. तसं नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. तुमचा-माझाही शंभर नसतो, साधारण ५५ ते ६५ असतो. ४५ च्या खाली गेला तर या आजाराचं निदान होतं. तुमची मुलगी साडेतीन महिन्यांत २८ वरून ४२ वर आली आहे, आणि ३० च्या खालून सुरुवात झालेल्यांना वर येणं जास्त कठीण जातं हे लक्षात घेता ही चांगली चाल आहे. ४९ देशांतल्या ७३९ बायकांची नोंद ठेवली गेली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात शंभरातल्या ४६ जणींचं हृदय सहा महिन्यांत पूर्ववत झालं होतं, आणि सहा जणी दगावल्या होत्या. दुसरा आकडा तुमच्यापासून लपवत नाही, कारण गोळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

गोळ्या थांबवू नका. तिला बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे. लघवीची गोळी डॉक्टर स्वतःच कमी करत नेतील. पण ठोके आवरणारी आणि हृदयावरचा भार हलका करणारी, या दोन गोळ्या पंपिंग पूर्ण नॉर्मल झाल्यानंतरही निदान वर्षभर चालतात, आणि बंद करायच्या तर इको बघत बघत, एकेक करून. एक अनुभव सांगते. माझ्याकडच्या एका मुलीने सातव्या महिन्यात गोळ्या सोडल्या, कारण औषधांचा डबा बघून सासरे रोज ‘अजून किती दिवस?’ म्हणायचे. दोन महिन्यांत पुन्हा धाप. आता तो डबा तिचा नवराच भरतो, दर रविवारी, सगळ्यांसमोर. तुमच्या जावयालाही हे काम द्या. लोणचं, पापड, वेफर्स बंद, जेवणात वरून मीठ नाही, रोज सकाळी लघवीनंतर वजन करून वहीत लिहायचं. घरात चालणं-फिरणं हवं, पण दोन्ही मुलींना एकदम कडेवर घेऊन जिना नको.

दूध बंद करायची गोळी ब्रोमोक्रिप्टिन असणार. दूध आणणारं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक आहे. या आजारात त्याचा एक तुकडा तुटून हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो, असं जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं. मग दक्षिण आफ्रिकेत वीस बायकांवर एक छोटा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात ही गोळी घेणाऱ्यांचं हृदय जास्त सुधारलं. सगळे डॉक्टर ती सगळ्यांना देत नाहीत. आजार सौम्य असेल तर मी बाईला अंगावर पाजू देते, कारण या आजारातल्या बऱ्याचशा गोळ्या दूध पाजतानाही चालतात. पण २८ टक्के पंपिंग, आयसीयू आणि दोन लेकरं! रात्रभर आलटून पालटून दोघींना पाजायची ताकद तिच्यात कुठून येणार होती? त्या डॉक्टरांच्या जागी मीही बहुधा तेच केलं असतं. त्या गोळीबरोबर रक्त पातळ करणारं औषध दिलं जातं, कारण या दिवसांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. ते चालू असेल तर तेही मनाने थांबवू नका. मुलींना वाटीचमच्याने दूध पाजलं म्हणून ती आई म्हणून कुठे कमी पडली नाही. हे तिला तुम्ही सांगा. या मुली मनातल्या मनात फार कुढतात, आणि रडायला आलं तर कुणी रागावू नका.

राहिला पुढच्या वर्षीचा विचार. ताई, इथे मी मऊ बोलणार नाही. आता दिवस राहणं तिच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत हा आजार होऊन गेलेल्या आणि पुन्हा गरोदर राहिलेल्या ४४ बायकांचा अभ्यास २००१ मध्ये आला. ज्यांचं हृदय आधी पूर्ण सुधारलं होतं त्यांच्यातही साधारण पाचातल्या एकीला पुन्हा हृदयाचा त्रास झाला, पण त्यातली कुणी दगावली नाही. ज्यांचं सुधारलेलं नव्हतं त्यांच्यात जवळजवळ निम्म्यांना त्रास झाला आणि साधारण पाचातली एक मेली. ४२ म्हणजे तुमची मुलगी आज दुसऱ्या गटात आहे. शिवाय भार हलका करणाऱ्या ज्या गोळ्या ती घेते, त्या पोटातल्या बाळाला घातक असतात. म्हणून तांबी बसवून घ्या, ती तिच्यासाठी चांगली. माला-एनसारख्या गोळ्या नकोत, त्यांतल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. पुढे पंपिंग ५०-५५ च्या वर गेलं आणि तिथे टिकलं, तर तिने, तिच्या नवऱ्याने, हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी एकत्र बसून बोलावं. त्या बैठकीत सासूबाईंना बोलावायची गरज नाही. आणि घरात दोन मुली आहेत, त्यांना आई हवी आहे. ‘मुलाचं बघू’ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे याहून दुसरं उत्तर नाही.

पुढचा इको दोन-तीन महिन्यांनी करा, शक्यतो त्याच ठिकाणी, आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका फायलीत बरोबर ठेवा.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यात आशा आहे. बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. माझ्या सगळ्या फॉर्मवर बाळाचंच जास्त असतं, वजन, ताप, नाळ. मागच्या वर्षी माझ्या पाड्यावरची एक आई तिसऱ्या महिन्यात धापेने गेली. मी काय बघायला हवं होतं?
– एक आशाताई

उत्तर : ताई, तुमच्या सहाही भेटी झाल्यानंतर ती गेली. आपल्याकडे सव्वा महिना संपला की बाळंतीण उठली असं घर मानतं, आणि सरकारी हिशेबातही मातामृत्यू ४२ दिवसांपर्यंतचाच धरला जातो. हृदयाचा हा आजार पाचव्या महिन्यापर्यंत येऊ शकतो. म्हणजे तिच्याकडे कुणीच बघत नाही अशा दिवसांतही.

तुमच्या पाड्यावर याहून जास्त दिसणारी दोन कारणं आहेत, तीही ध्यानात ठेवा. एक रक्त कमी असणं. हिमोग्लोबिन पाच-सहावर आलं की धडधाकट हृदयसुद्धा हात टेकतं. दुसरं, लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेलेला असतो, त्यात हृदयाची झडप आखडते, आणि ते पहिल्या गरोदरपणातच उघड होतं. सातव्या-आठव्या महिन्यात थोडी धाप सगळ्यांनाच लागते, पण ती हळूहळू वाढते, विसावा घेतला की जाते, आणि कुशीवर झोपता येतं. झोपता येत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, खोकल्यातून लाल-गुलाबी पडत असेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीची वाट बघू नका. १०८ बोलवा, आणि गाडी येईपर्यंत तिला आडवं करू नका, पाय खाली सोडून टेकून बसवा. गाडीतल्या डॉक्टरांना ‘बाळंतीण आहे, झोपवत नाही’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘अशक्तपणा’ म्हणालात तर सलाईन लावलं जाईल, आणि भरलेल्या फुफ्फुसात आणखी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल.

आणि ४२ दिवसांनंतर? दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळ लसीला येतंच. आई त्याला घेऊन तुमच्यासमोर बसते, सिस्टर बाळाच्या मांडीला टोचते, सगळ्यांचं लक्ष बाळाच्या रडण्याकडे. त्याच वेळी तिच्या पायांकडे बघा, ती चढ चढून आल्यावर किती वेळ दम घेते ते बघा. तुमच्या वहीत बाळाच्या वजनाच्या रकान्याशेजारी पेनाने एक रेघ मारून नवा रकाना करा आणि वर लिहा, ‘आई : उशा किती?’ पाड्यावर उशा नसतील तर गोधडीची वळकटी मोजा.